उलट्या त्रिकोणाचे आभार

सर,

निरोपाच्या कार्यक्रमात मला बोलायला उठवलं, तेव्हा 'सरांना पुढच्या वाटचालीस शुभेच्छा' एवढंच म्हणून मी खाली बसले. घसा दाटून आला होता. तुमची बदली तुमच्या जिल्ह्यात, आईवडिलांजवळ झाली, छानच झालं. राहिलेलं बोलणं आता लिहिते, आणि चारचौघांत लिहिते, कारण माझी फजितीही चारचौघांतच झाली होती.

तुमच्याआधी मला 'तंत्रस्नेही' करायला बरेच जण येऊन गेले. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मी वेतनवाढ अडकू नये म्हणून मिळवलं आणि फायलीला लावलं, तो दोष माझाच. पण नंतरची ती दोन-दोन दिवसांची प्रशिक्षणं! सही, चहा, पडद्यावरून धडाधड पळणाऱ्या स्लाइड आणि शेवटी ग्रुपवर टाकायला फोटो. एका साहेबांनी तर "द्या इकडे" म्हणत माझ्या हातातला माउसच काढून घेतला. वर म्हणाले, "मॅडम, घरी मुलाला सांगा, तो करून देईल." मुलगा पुण्यात, वर्ग माझा! त्यानंतर तीन वर्षं कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, पण मी आत पाऊल टाकलं नाही. बालभारतीच्या पुस्तकातले ते काळे चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, 'छापखान्याचं काहीतरी असेल' असं मी मुलांना सांगितलंय. आज कबूल करते.

तुम्ही आलात आणि काही शिकवायच्या भानगडीतच पडला नाहीत. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून तालुक्याच्या खोलीवर रात्री दीक्षा या सरकारी शालेय ॲपवरचे धड्यांचे व्हिडिओ मोबाईलमध्ये उतरवून आणायचात. शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर, टाकून दिलंत. म्हणालात, "बाई, याला नेट लागत नाही. खडूसारखं वापरा."

मग तो सातवीचा तास. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज. अठ्ठावीस वर्षं मी हे कोनमापकाने शिकवलं. कुणाचं उत्तर १७८ यायचं, कुणाचं १८३, आणि मी म्हणायचे, "मोजण्यात चूक असेल, १८० लिहा." त्या दिवशी पडद्यावर शिरोबिंदू धरून ओढला, की त्रिकोण लांबट व्हायचा, बसका व्हायचा, आकडे भराभर बदलायचे आणि बेरीज मात्र हलायची नाही. पोरं डोळे फाडून बघत होती. तेवढ्यात माझ्या हाताखाली कुठली बटणं एकदम दाबली गेली कोण जाणे, अख्खा पडदा उलटा झाला. त्रिकोण, अक्षरं, आकडे, सगळं डोक्यावर. वर्गात हशा. मागच्या बाकावरचा एक तर मान खाली घालून पायांमधून बघायला लागला. माझे हात गार पडले.

तुम्ही पोषण आहाराची वही घेऊन दारात उभे होतात. आत आलात, पण लॅपटॉपकडे फिरकला नाहीत. शेवटच्या बाकावर पोरांत जाऊन बसलात आणि म्हणालात, "बाईंचा प्रश्न कळला का? त्रिकोण उलटा केला. आता बेरीज किती?"

हशा थांबला. एका मुलीने मान वाकडी करून वाचलं, "एकशे ऐंशीच!" "का नाही बदलली?" तुमचा पुढचा प्रश्न. उरलेला तास आम्ही उलट्या पडद्यावरच घेतला, आणि इतका रंगलेला तास मला आठवत नाही. घंटा झाल्यावर माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवून तुम्ही खिचडी वाढायला निघून गेलात. चिठ्ठीवर एवढंच: 'कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण.' पडदा पुन्हा सरळ करायची बटणं. पुढे त्या दिवसाचा विषय ना तुम्ही ऑफिसात काढलात, ना माझ्यापाशी.

सर, हुशारी हल्ली पैशाला पासरी मिळते. पण समोरच्याची लाज राखायची आणि आपण ती राखली हेही त्याला जाणवू द्यायचं नाही, हे कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही. तुमच्या घरातच कुणीतरी हे शिकवलं असणार. आईंना माझा नमस्कार सांगा.

चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. हे पत्र मोबाईलवर बोलून टाइप केलंय. 'त्रिकोण' म्हटलं की तो 'तरी कोण' लिहितो, तेवढं मी हाताने दुरुस्त केलं.

आणि हो, प्रोजेक्टरची ती लांब काळी वायर कुठे ठेवून गेलात? सोमवारपासून सातवीची पोरं सगळी शाळा पालथी घालताहेत.

तुमच्या,
बाई