गेमचंही परीक्षण छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चित्रपटांना तारे मिळतात, पुस्तकांना अर्धं पान मिळतं, नाटकाला तर पुण्यात काही कमी पडूच शकत नाही. व्हिडिओ गेम मात्र मला आपल्या अंकात दोनच ठिकाणी भेटतात: गुन्हेवृत्तात, नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सदरात. कॉमिक्स तर कुठेच नाहीत. सुट्टी लागली की 'मुलांच्या हातातला मोबाइल काढा आणि पुस्तक द्या' हा लेख ठरलेला. कोणतं पुस्तक द्यायचं आणि पोरगं मोबाइलवर नेमकं काय खेळतंय, याची चौकशी त्या लेखात कधी नसते. माझी मागणी साधी आहे. सिनेमाचं परीक्षण छापता तसं गेमचं आणि कॉमिक्सचंही छापा, आणि ते खेळलेल्या, वाचलेल्या माणसाकडून लिहून घ्या.

मी बँकेतून निवृत्त झालेली, साठी उलटलेली बाई आहे आणि हे पत्र मला भाच्याने लिहून दिलेलं नाही, हे आधीच सांगते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचणाऱ्यांपैकी मी. झुंजार आणि धनंजय या त्यांच्या नायकांपायी मुलं वाया जाणार, यावर तेव्हा घराघरांत एकमत होतं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघायला लागली. त्यातला वेताळ आमच्याशी मराठीत बोलायचा. एकेक अंक सबंध वाड्यात फिरून शेवटी मुखपृष्ठाविना परत यायचा, पण शाळेच्या कपाटात त्याला मज्जाव होता. आता अर्नाळकरांवर आदराने लेख येतात, इंद्रजालचे जुने अंक लोक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. तेव्हा अंक हिसकावून घेणारी मंडळीच आज 'आमच्या वेळची कॉमिक्स काय होती' म्हणून उसासे टाकतात, तेव्हा मला हसू आवरत नाही.

सिनेमाचं हेच झालं आणि ते पुण्याने अगदी जवळून पाहिलं आहे. १९१३ साली फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंख्यांना साडी नेसावी लागली. १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, १९३६ च्या 'संत तुकाराम'चा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. १९६० साली प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये चित्रपट संग्रहालय आलं. सिनेमा चांगला असू शकतो, वाईट असू शकतो आणि तो कशामुळे चांगला किंवा वाईट ठरतो हे सांगता येतं, हे दाखवणारी माणसं मधल्या काळात लिहीत होती. गेमबद्दल मराठीत असं कोण लिहितंय?

आणि लिहायला विषय शोधत लांब जायचीही गरज नाही. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्याच छोट्या कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० साली आला. सर्कशीत कसरती करणारी राजी आणि असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू यांची ती गोष्ट. विष्णू आणि दुर्गा वरून बघत तिच्याबद्दल बोलत असतात. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेत, महाल राजस्थानी धाटणीचे आहेत. माझं मत विचाराल तर राजीचं पळणं, खांबावर चढणं, कठड्याला लोंबकळणं मन लावून केलंय. मारामारी मात्र लवकर एकसुरी होते, आणि शेवट असा तुटतो की वीज गेली की काय असं वाटावं. आपल्या देवांनी इंग्रजीत गप्पा मारणं माझ्या कानाला जड गेलं. हिंदी आवाज नंतर आले. आता यातलं काही कुणाला पटेल, काही पटणार नाही. पण पेठेत निघालेल्या दिवाळी अंकाची दखल घेणाऱ्या आपल्या वृत्तपत्राने पुण्यात निघालेल्या गेमबद्दल असं बरंवाईट चार ओळींत का लिहू नये?

ज्या गेमसाठी खरं तर मी हे पत्र लिहायला बसले तो 'पेपर्स, प्लीज'. २०१३ चा, लुकास पोप या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाची सीमा, साल १९८२, आणि तुम्ही तिथल्या चौकीतले तपासनीस. समोर रांग. पासपोर्ट घ्यायचा, तारीख पाहायची, फोटो जुळवायचा, परवाना तपासायचा, शिक्का मारायचा. जितकी माणसं हातावेगळी कराल तितके पैसे. चूक झाली की लगेच चिठ्ठी येते. पहिल्या दोन ताकिदीच्या, पुढे दंड. दिवस संपला की घरचा हिशेब: भाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, आजारी माणसाचं औषध. एवढाच खेळ. रंग मळकट, चेहरे ओबडधोबड. कुणी म्हणेल यात करमणूक कसली. मी आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसले, मला विचारा. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या आजोबांची थरथरती सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही, मागे पंचवीस माणसं उभी आहेत, साहेब काचेतून बघतायत, आणि ते आजोबा हयात आहेत हे तर डोळ्यांना दिसतंय.

त्या गेममध्ये एक नवरा येतो. त्याचे कागद बरोबर असतात. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. ती गयावया करते. कादंबरीत मी या बाईबद्दल हळहळले असते, सिनेमात तो कारकून किती निर्दय म्हणून चडफडले असते. इथे शिक्का माझ्याच हातात. मी तिला आत सोडलं. चिठ्ठी आली. पहिल्या दोन चिठ्ठ्यांना दंड नाही हे मला ठाऊक होतं, आणि खिशातला पैसा जाणार नव्हता म्हणूनच माझी माणुसकी जागी झाली होती, हेही मला त्या क्षणी लख्ख कळलं. पुढे घरात औषधाला पैसे नव्हते तेव्हा तशाच एका माणसाला मी परत पाठवलं. नियम आणि माणूस यांच्या कात्रीबद्दल मी मराठीत पुष्कळ चांगलं वाचलंय. असं उघडं कुणी पाडलं नव्हतं.

वेढा पडलेल्या शहरातल्या साध्या माणसांवरचा 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये शाळांच्या पूरक वाचनयादीत घेत असल्याचं जाहीर केलं होतं. आपल्याकडे असं काही करा, असं मी अजिबात म्हणणार नाही. यादीत गेला की मुलं तो खेळायची बंद होतील.

कॉमिक्सचंही तेच. 'चित्रं छान आहेत' एवढ्यावर परीक्षण संपत असेल तर ते न छापलेलं बरं. २०११ चं 'भीमायन' घ्या. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाण्याचे, निवाऱ्याचे, प्रवासाचे प्रसंग दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेत. नेहमीच्या चौकटी त्यांनी घेतल्याच नाहीत. बोलण्याचे फुगे पाहा: मऊ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. 'तो कुत्सितपणे म्हणाला' वगैरे काही लिहायची गरजच उरत नाही. पान उलटताच कोण डंख मारणार ते दिसतं. हे समजावून सांगणारा समीक्षक हवा. माझ्यासारख्या अक्षरांवर वाढलेल्या माणसाची नजर आधी मजकुरावर जाते आणि चित्र वाचायचं राहून जातं.

सिनेमाबद्दल फार लिहीत नाही, त्याला लिहिणारे भरपूर आहेत. दोनच मतं नोंदवते. २०१७ च्या 'फास्टर फेणे'त मूळ पुस्तकांचे लेखक भा. रा. भागवत यांनाच पात्र केलं ही कल्पना मला फार आवडली, प्रभावळकरांनी कामही गोड केलं. पण वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा बनेश, म्हणजे फेणे, मला परका वाटला. त्याचं ते 'ट्टॉक' ही शाळकरी पोराची चीज आहे, मिसरूड फुटल्यावर ती शोभत नाही. उलट 'तुंबाड'. त्याचं बीज नारायण धारपांच्या एका कथेतलं, असं दिग्दर्शकानेच सांगितलेलं आहे. पुस्तकच बरं म्हणायची आपल्याकडे रीत आहे, पण धारप आवडीने वाचणारी मी, मला त्या सिनेमातला पाऊस अधिक घाबरवून गेला. २०१८ मध्ये तो बेताचाच चालला, आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. मधली सहा वर्षं लोक त्याच्याबद्दल लिहीत-बोलत राहिले नसते तर त्याला पुन्हा कुणी थिएटर दिलं असतं का?

आता व्यसनाचा मुद्दा. तो खोटा नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आपल्या बातमीसोबत छायाचित्र होतं ते हातात कंट्रोलर धरलेल्या शाळकरी मुलाचं. रमीत पगार घालवणारा मोठा माणूस आणि सुट्टीत राजीला खांबावर चढवणारा मुलगा एकाच बातमीत बसवल्यावर आईबापांनी काय समजायचं? खरं तर परीक्षणाचा मोठा उपयोग इथेच आहे. कोणता गेम एकदा विकत घेतला की संपला, कोणता फुकट म्हणून घरात शिरतो आणि पावलोपावली पैसे मागतो, कोणता मुद्दाम असा रचलाय की रोज हजेरी लावली नाही तर नुकसान व्हावं, हे खेळलेला माणूस दोन वाक्यांत सांगू शकेल. 'मुलांशी संवाद साधा' हा सल्ला आम्ही पाठ केला आहे. संवाद साधायला आधी त्या गेमचं नाव आणि स्वभाव तरी कळायला हवा.

परीक्षक नेमाल तेव्हा एवढं पाहा: त्याने गेम शेवटपर्यंत खेळलेला असावा, निदान कुठे आणि का सोडला ते प्रामाणिकपणे लिहावं. किंमत, भाषा आणि वय सांगावं. तारे दिले नाहीत तरी चालतील. साडेतीन तारे म्हणजे नेमकं काय, हे मला सिनेमातही अजून उमगलेलं नाही. 'एकदा खेळायला हरकत नाही' हे वाक्य मात्र कृपया छापू नये.

आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे

ता. क. : जागा करायची म्हणून शब्दकोडं काढू नका. हवं तर राशिभविष्य आठवड्यातून एकदाच द्या.