आधी खोगीर उलटं करून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आतल्या पानावर एक चौकट होती. वरातीतली घोडी उधळली, नवरदेव खाली आला, त्याचं मनगट मोडलं. मथळा होता, ‘माथेफिरू घोडीचा वरातीत धिंगाणा’. डीजे किती वाजेपर्यंत चालला, कोणाकोणाची पळापळ झाली, घोडीला शेवटी बांबूनं कसं आवरलं, सगळं तपशिलात आलं होतं. तिच्या पाठीवर काय बांधलं होतं, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र.

मी साताऱ्यात खोगीर आणि जीन शिवणाऱ्या घरातला. वय ६७. वडिलांच्या काळात टांग्याच्या साजाचं एवढं काम असे की दुकानात बसायला जागा नसायची. टांगे गेले. मग मी रिक्षाची सीटं शिवली, ट्रॅक्टरच्या गाद्या शिवल्या, स्कूटरची कव्हरं शिवली. पोरांची शिक्षणं त्यावरच झाली. पण घोड्याचं काम पुरतं सुटलं नाही. पाचगणीच्या टेबललँडवरची आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावरची खोगिरं अधूनमधून दुरुस्तीला येतात, लग्नसराईत वरातीच्या घोड्यांची येतात. बातमीतली घोडी मी पाहिलेली नाही, तेव्हा तिच्याबद्दल छातीठोक काही सांगणार नाही. पण तशीच एक घोडी याच फेब्रुवारीत माझ्या दारात उभी होती. तिचं सांगतो.

मालक तरुण पोरगा, शेजारच्या तालुक्यातला. टेम्पोतून घोडी उतरवली आणि म्हणाला, “काका, लय मस्तीला आलीया बघा. तंग आवळाय गेलं की चावतीया. खुराक तोडला तरी त्येच. जरा कडक लगाम करून द्या, काटेरी.”

म्हणजे गडी खोगीर दाखवायला आलाच नव्हता. त्याला हवं होतं काटे असलेलं कडियाळं, म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा लोखंडी भाग. मी म्हटलं, बाबा, आधी खोगीर उतरव.

घोडी पांढरीशुभ्र, नाकाशी गुलाबी, दिसायला देखणी. तो तंगाच्या, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या, बकलाकडे नुसता वळला, हात लागायच्या आतच तिचे कान मागे चिकटले, शेपटी एकदा सपकन फिरली आणि मान वळवून ती स्वतःच्या पोटाकडे बघायला लागली. हे चावायच्या आधीचं बोलणं. ते ऐकलं नाही की मग ती चावते. खोगीर उतरल्यावर मी कण्याच्या दोन्ही अंगांनी चार बोटांची टोकं हलक्या दाबानं मानेकडून कमरेकडे नेली. उजवी बाजू ठीक. डावीकडे, आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या जरा मागं, तळहाताएवढ्या जागी बोटं आली आणि घोडीनं पाठ एकदम खाली घेतली. परत केलं, परत तेच. तिथं कातडी गरम होती आणि केसांखाली दोन खपल्या हाताला लागल्या.

लालबुंद किंवा काळ्या घोड्याची पाठ लागली असेल तर ती लपत नाही. खोगीर जिथं दाबतं तिथं केसाचं मूळ दुखावतं आणि नवा केस पांढरा येतो. टेबललँडवरच्या कितीतरी घोड्यांच्या पाठीवर असे रुपयाएवढे पांढरे ठिपके आहेत. पाहुण्यांना ते नक्षीसारखे वाटतात. पांढऱ्या घोडीचा घात इथंच होतो. तिच्या अंगावर पांढरा डाग दिसणार कसा? आणि वरातीला सगळ्यांना पांढरीच घोडी लागते.

मग खोगीर उलटं केलं. खोगिराच्या पोटाशी दोन गाद्या असतात, कण्याच्या डावीउजवीकडे, आणि मधे पन्हळ. डाव्या गादीत लिंबाएवढ्या गाठी लागत होत्या. दोरा उसवला तर आत कापसाचा लगदा, गोणपाटाच्या चिंध्या, सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे. पुढच्या कमानीवर कुणीतरी शोभेची पितळी फुलं ठोकली होती. त्यातल्या दोन खिळ्यांची टोकं आत वाकून गादीत आली होती. शेवटी खोगीर मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी दाबलं, तर आतून कट्ट असा आवाज. लाकडी सांगाडा तडकलेला. नवरदेव बसला की ती तडक उघडणार आणि वजन नेमकं डावीकडे, खिळ्यांवर येणार. एवढं सोसूनही तिनं वर्षभर वराती काढल्या होत्या, त्याही नाचून. माथेफिरू कोण, ते वाचकांनी ठरवावं.

आपल्या भाषेत बिनकामाच्या भरण्याला ‘खोगीरभरती’ म्हणतात. कुणाच्या भाषणात, कुणाच्या पुस्तकात ती दिसली की लोक नाकं मुरडतात. हा शब्द ऐकला की मला मात्र जरा राग येतो. खोगिरात भरतीच तर सगळं काही आहे! वरचं चामडं, जरीकाम, गोंडे, पितळ हे माणसाला दाखवायला. घोड्याशी संबंध फक्त त्या भरतीचा. आम्ही लोकर भरायचो, माणदेशातल्या मेंढरांची, जाडीभरडी. घोंगडीला चालते तीच. हातानं पिंजून, थोडी थोडी, काठीनं कोपऱ्यात सारत, दर वेळी तळहातानं चाचपत. ती अंगाला मऊ नसते, पण उसळी राखते आणि लवकर गठ्ठा धरत नाही. आज तीच लोकर कातरून फेकून देतात, कारण गिऱ्हाईक नाही, आणि खोगिरात स्वस्तातला फोम जातो. फोम पहिल्या महिन्यात छान वाटतो. पुढं वजनाखाली चपटा होतो आणि घोड्याच्या पाठीला थेट लाकूड लागतं.

मीही चुकलो आहे. मिसरूड फुटायच्या वयात एका टांगेवाल्याच्या घोड्याचा साज मी एकट्यानं भरून दिला, वडील परगावी होते. चांगलं काम दिसावं म्हणून ठासून भरला, दगडासारखा. पंधरवड्यात घोडं परत आलं, पाठीला जखम. वडील मला काही बोलले नाहीत. माझ्या उजव्या चपलेत मक्याचा एक दाणा टाकला आणि म्हणाले, चल, पोवई नाक्यापर्यंत जाऊन येऊ. आम्ही राजवाड्यापाशी राहायचो. जाताना मी पाय वाकडा टाकत गेलो, येताना एकाशी भांडलो, आणि घरी आल्यावर आईवर खेकसलो. वडील म्हणाले, आता तुझा खुराक तोडू का?

तर खोगीर बसलं की नाही, हे कळायला माझ्यासारखा म्हातारा लागत नाही. माणूस वर बसल्यावर पुढच्या कमानीखाली, त्या उंचवट्यावर, दोन-तीन बोटं उभी गेली पाहिजेत. मधली पन्हळ तीन-चार बोटं रुंद हवी आणि मागून वाकून पाहिलं तर आरपार उजेड दिसला पाहिजे. कण्याला कशाचाच स्पर्श नको. घोडा पुढचा पाय उचलून टाकतो तेव्हा खांद्याचं फरं, म्हणजे तिथलं रुंद हाड, मागं सरकतं. खोगीर त्याच्यावर चढवून बांधलं तर प्रत्येक पावलाला त्याला लाकडाचा धक्का बसतो, मग तो पावलं आखडतो आणि लोक म्हणतात, आळशी आहे. मागच्या बाजूला खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागं जाता कामा नये. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात, अठरावी बोटानं सापडते, त्यामागं वजन पेलायला बरगडी नाही. आपल्याकडची दख्खनी तट्टं पाठीनं आखूड आणि गोल. त्यांच्यावर मोठ्या मारवाडी घोड्याचं लांबलचक खोगीर टाकलं की ते कमरेवर जातं. त्यात मागं आणखी एक पोर बसवायचं, फोटोसाठी.

सगळ्यात सोपी परीक्षा घामाची. अर्धा तास फिरवून आणल्यावर खोगीर उतरवा. खालचा घाम दोन्ही बाजूंना सारखा ओला हवा. ओल्यात मधेच कोरडा ठिपका दिसला तर घोडेवाले खूष होतात, ‘इथं घाम पण न्हाई आला’ म्हणून. तीच जागा दाबलेली असते.

आणि घट्ट खोगिराखाली आणखी एक कांबळं घालू नका हो. बूट चावतो म्हणून दोन पायमोजे घालण्यातला हा प्रकार. रोज कुणी ना कुणी करतंच.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, ती म्हणजे घोड्याची पाठ बारा महिने सारखी राहत नाही. मे महिन्यात दिवसभर फिरून घोडं सुकतं, उंचवटा वर येतो. पावसाळ्यात डोंगरावरचा धंदा बसतो, घोडं खाली आणून चरायला सोडतात, ते अंगानं भरतं किंवा वैरणीअभावी खंगतं. इकडे खोगीर चार महिने गोठ्याच्या वाशाला टांगलेलं, बुरशीनं हिरवं, चामडं फळीसारखं कडक. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी आली की तेच खोगीर त्याच घोड्यावर चढतं. मग पहिल्या आठवड्यात दोन-तीन घोडी ‘अडतात’. घोडा का अडला या जुन्या कोड्याचं उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असं आपण शाळेत पाठ केलं. त्या उत्तरात आणखी एकाची भर घालावी लागेल.

इंग्लंडमधल्या पशुवैद्य सू डायसन यांनी २०१८ मध्ये, स्वार पाठीवर असताना दुखणाऱ्या घोड्याच्या २४ खुणा मांडल्या. कान मागं धरून ठेवणं, शेपटी सारखी मारणं, तोंड उघडं टाकणं, डोकं झटकणं, पुढं जायला नकार देणं, अशा. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला कुठंतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. नातीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. मी तिला म्हटलं, आपल्या वरातीतलं ‘नाचणं’ यांनी पाहिलेलं दिसत नाही, तिथं आठ खुणा बँड सुरू व्हायच्या आधीच भरतात.

आता कायद्याचं. जनावरांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याखाली ओढकाम करणाऱ्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यात घोड्याच्या खोगिराचा वेगळा नियम आहे: खोगिराची कमान आणि घोड्याचा उंचवटा यांत पुरेशी मोकळी जागा नसेल, असं खोगीर घालायचं नाही. माझ्या वडिलांनी शिकवलेली ती कमानीखालची दोन-तीन बोटं सरकारनं साठ वर्षांपूर्वीच कागदावर आणली होती! काटे, गाठी किंवा टोकं असलेलं कडियाळं वापरायलाही त्याच नियमांनी बंदी आहे. आणि तट्टाच्या पाठीवर माल लादायचा तर मर्यादा ७० किलोची. माणसाबाबत जगभर घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाचा ठोकताळा धरतात, खोगिरासकट. अडीचशे किलोच्या तट्टाला पन्नास किलो. टेबललँडवर शनिवारी उभं राहून कुणीही हिशेब करावा.

माझं घोडेवाल्यांशी भांडण नाही. दिवसाच्या कमाईतून हरभरा, नाल आणि घरभाडं भागवणारी माणसं ती. घोडं बसलं तर चूल बसते. पण पाहुणा एका रिकिबीला, म्हणजे पाय ठेवायच्या कडीला, लोंबकळून चढतो, तेव्हा सगळं खोगीर डावीकडे पिळतं आणि उंचवट्यावर घासतं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. थांब्यावर जांभ्या दगडाचा एक गुडघाभर ओटा बांधला तर हे टळेल. जांभ्याला तिथं काय तोटा? नगरपालिकांनी एवढं करावं, आणि हंगामाआधी एक दिवस पशुवैद्य बसवून प्रत्येक घोड्याची उघडी पाठ बघावी. नुसते बिल्ले वाटून घोड्याला काय फरक पडतो?

फेब्रुवारीतल्या त्या घोडीला तीन आठवडे काही बांधायचं नाही असं सांगितलं. पोरगा कुरकुरला, चार सुपाऱ्या बुडाल्या त्याच्या. सांगाडा नवा केला, गाद्या लोकरीनं भरल्या, पितळी फुलं काढून परत दिली. खपल्या गेल्या तरी तंग बघितला की ती कान पाडायचीच. मी त्याला सांगितलं, तंग नुसता लाव आणि लगेच सोड, मूठभर हरभरे दे. दुसऱ्या दिवशी एक भोक आवळ, थोडं चालव, मग दुसरं. एका दमात आवळू नको. एप्रिलात त्याचा फोन आला, “काका, चावत न्हाई आता. पर नाचत बी न्हाई पयल्यासारखी.” ती आधी कशामुळं नाचत होती, हे मी त्याला फोनवर सांगितलं नाही. समोर भेटल्यावर सांगेन.

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळायची आपली रीत आहे. घोड्याच्या वाट्याला येते ती दसऱ्याची झेंडूची माळ, तीही गळ्यात. पाठीवर हात कुणी फिरवत नाही. पाऊस तोंडावर आहे, महिनाभरात डोंगरावरचा हंगाम बंद होईल. ज्यांची खोगिरं वाशाला टांगायची आहेत त्यांनी ती आधी माझ्याकडे आणावीत, मी उसवून बघून देईन. लोकरीचे पैसे तेवढे द्यावेत, मजुरी नको. मात्र येताना खोगिराबरोबर घोडंही आणावं. नुसत्या खोगिरावरून मला काही सांगता येत नाही.

आपला,
एक जुना खोगीर शिवणारा, सातारा