तक्रार: तुमचा ‘मॅच्ड’ ट्यूब सेट आणि तुमच्या सपोर्टने दिलेलं ज्ञान

प्रति,
कस्टमर सर्व्हिस हेड

आत्ताच तुमच्या सपोर्टचा फोन ठेवलाय, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

तुमचा ट्यूबवाला ऑडिओ ॲम्प माझ्याकडे आहे, प्रत्येक चॅनलला ईएल३४ या दोन पॉवर ट्यूब, पुश-पुल (एक ढकलते, दुसरी ओढते), फिक्स्ड बायस (ट्यूबचा करंट ठरवणारं निगेटिव्ह व्होल्टेज वेगळ्या सप्लायमधून). जुन्या ट्यूब थकल्या म्हणून मुद्दाम तुमच्याकडूनच चारचा मॅच्ड, म्हणजे सारखा करंट घेणाऱ्या ट्यूबचा सेट घेतला, त्याचे जास्तीचे पैसेही भरले. कारण एका चॅनलच्या दोन्ही ट्यूबना मिळून एकच बायस पॉट (करंट सेट करायचा स्क्रू) ही तुमचीच डिझाइन आहे, वेगवेगळं सेट करायची सोयच नाही, म्हणजे ट्यूब जुळलेल्याच लागणार. हे मी तुम्हाला सांगावं?

डावा चॅनल ठीक आहे. उजव्याला मॅन्युअलप्रमाणे टेस्ट पॉइंटवर मीटर लावला तर एक ट्यूब ५२ मिलीॲम्पियर आणि शेजारची ३१! पॉट फिरवला की दोन्ही सोबतच वरखाली होतात, फरक जिथल्या तिथे. ट्यूबांच्या जागा बदलल्या तर ५२ ट्यूबबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेले, म्हणजे ॲम्पचा दोष नाही. प्लेटवर (ट्यूबमधला करंट गोळा करणारा भाग) ४५० व्होल्ट धरले तर ती ट्यूब २३ वॅटच्या वर आहे. ईएल३४ची मर्यादा २५, आणि शहाणी माणसं ७० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेसतरावर ठेवतात. जोडीदार १४ वॅटवर निवांत. पुश-पुलमध्ये दोघांचा डीसी आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना कापायला हवा, इथे तो पूर्ण कापलाच जात नाही, आणि त्या स्पीकरमधून कायम हम्म्म.

खोक्यांवर मॅचिंगचा एकही आकडा नाही. सोनेरी स्टिकर मात्र झकास आहे.

आता फोनवर काय झालं ते वाचा. मी हे सगळं आकड्यांसकट सांगितलं, समोरच्यांनी शांतपणे ऐकलं (मला वाटलं लिहून घेतायत) आणि विचारलं, “सर, आवाज येतोय ना?” म्हटलं येतोय. “काचेत केशरी लाइट दिसतोय?” म्हटलं दिसतोय. “चारही?” हो, चारही. “मग सर ट्यूब ओके आहेत.” अहो, तो ट्यूब तापवणारा हीटर आहे! ६.३ व्होल्ट मिळाले की तो पेटणारच, त्यावरून प्लेट करंट कसा कळणार? मी विचारलं मॅचिंग किती व्होल्टवर, किती करंटला केलं ते सांगा, तर उत्तर आलं, “सर, चारही एकाच बॉक्समध्ये आल्यात ना, म्हणजे मॅच्डच असतात.” म्हणजे चार मापांच्या चपला एका खोक्यात कोंबल्या की झाले दोन जोड! वर “मीटर बघू नका सर, कानाने ऐका.” मी काही बोललोच नाही, बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

बरं एवढ्यावर थांबले नाहीत, “अपग्रेड म्हणून केटी८८ टाका, डायरेक्ट बसतात.” बसतात हो, त्या मोठ्या पॉवर ट्यूबचं सॉकेट तेच आहे. पण त्यांना ग्रिडवर (करंटवर ताबा ठेवणारी जाळी) जास्त निगेटिव्ह व्होल्टेज लागतं, तुमच्या पॉटची रेंज तिथवर जाते का? आणि हीटर ट्यूबमागे १.५ऐवजी १.६ ॲम्पियर घेणार, ट्रान्सफॉर्मरला चालेल का? दोन्हीला “चेक करून कळवतो.” कळवलं नाहीच. शिवाय “ओरिजिनल इंग्लिश मुलार्ड” नव्या मिळतील म्हणे. मुलार्ड हा जुना इंग्लिश ब्रँड, पण त्या नावाच्या नव्या ट्यूब आज रशियात सारातोव्हला बनतात. वाईट नसतात, पण इंग्लिश म्हणून काय विकता?

तुमचे ॲम्प घ्या म्हणून मी चार जणांना सांगितलंय, आता त्यांना काय तोंड दाखवू?

मला उजव्या चॅनलसाठी मोजलेली जोडी हवी, प्रत्येक ट्यूबवर प्लेट व्होल्टेज आणि करंट लिहिलेला, आणि पुन्हा सांगतो, आकडे हवेत, स्टिकर नको. जमत नसेल तर सेटचे पूर्ण पैसे परत करा. केटी८८चं उत्तर तुमच्या इंजिनियरकडून लेखी हवं. हे झालं नाही तर मीटरच्या फोटोंसकट ग्राहक आयोगात जाणार आहे, नुसतं म्हणत नाहीये.

आणि कृपा करून त्याच माणसाला परत फोन करायला लावू नका.