आमच्या निवृत्त परिसेविका सिस्टरांना आभाराचे पत्र

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार. आपल्या निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल, श्रीफळ आणि छायाचित्रे यांतच वेळ सरला आणि आपण आम्हाला नेमके काय शिकवलेत, हे कोणीच धड सांगितले नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडपणे. कारण मुलांच्या रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्यांच्याही ते वाचनात यावे, अशी इच्छा आहे.

प्रौढांच्या वॉर्डातून बदलून आलेल्या परिचारिकेला येथे आधी आकडेच परके वाटतात. मोठ्या माणसाची नाडी स्वस्थ पडलेला असताना 140 लागली तर आपण धावतो. नवजात बाळाची तेवढीच लागली तर निर्धास्तपणे पुढच्या पाळण्याकडे वळतो. औषधाची मात्रा वजनावर ठरते: पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम, म्हणजे 6 किलोच्या बाळाला 90. पण हेच औषध थेंबांच्या बाटलीत 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम, एका सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 आणि दुसऱ्यात 250 असे मिळते. त्यामुळे ‘घरी अर्धा चमचा दिला’ या उत्तरावर आपण कधीच थांबला नाहीत. बाटली दाखवा, नसेल तर घरी फोन करून लेबल वाचून घ्या, असा आपला आग्रह असे. मग वडील चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असोत, की आजी वेल्ह्याच्या गावी.

आपल्या शिकवणीचा गाभा मात्र आईचे म्हणणे नोंदवण्यात होता. आठ महिन्यांचे मूल आपले दुखणे सांगत नाही, आणि आमची त्याची ओळख तर फार तर कालची असते. ते एरवी कसे रडते, किती दूध ओढते, कोणत्या कुशीवर झोपते, हे जिला ठाऊक असते ती खाटेशेजारीच बसलेली असते. ‘आज हा नेहमीसारखा नाही’ हे वाक्य पुष्कळ ठिकाणी आईची काळजी म्हणून सोडून दिले जाते. आपण ते ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेकडे रुग्णांची माहिती सोपवताना, तापमान आणि श्वासाच्या दराशेजारी, तिच्याच शब्दांत आणि वेळेसह लिहायला लावलेत. एकदा लिहिले की मुलाला पुन्हा तपासणे आणि निवासी डॉक्टरांना कळवणे ओघानेच आले. डॉक्टर सुरुवातीला कपाळाला आठ्या घालत. पुढे राउंडला ‘आई काय म्हणते?’ हा त्यांचाच पहिला प्रश्न झाला.

पावसाळ्यात डेंग्यूची मुले येऊ लागली की या शिस्तीचे मोल कळे. ताप उतरला म्हणून घरचे लोक सुटलो म्हणतात, डिस्चार्ज कधी असे विचारू लागतात. आणि नेमक्या त्याच सुमारास, ताप उतरू लागल्यावरच्या 24 ते 48 तासांत, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून मूल खालावण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. नातेवाइकांचे सारे लक्ष प्लेटलेट्सच्या आकड्यावर आणि पपईच्या पानांच्या रसावर असते. आपण आयांना वेगळ्याच गोष्टी पाहायला शिकवल्यात: शेवटची लघवी कधी झाली, हातपाय गार पडलेत का, पोट दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, मूल सुस्त किंवा फार चिडचिडे झाले आहे का. मग आया रात्री दोन वाजता काउंटरवर येऊन ‘सिस्टर, सहा तास झाले, लघवी नाही’ असे सांगत, आणि डॉक्टरांना वेळीच उठवता येई.

एका बाबतीत मात्र आपण आयांचेही चालू दिले नाहीत. ‘गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचतील’ ही धमकी आपल्या वॉर्डात वर्ज्य होती. (यात आजोबा मंडळी सर्वांत निर्ढावलेली, हे आपणही मान्य कराल.) सलाईनची सुई मुलाच्या खाटेवर न लावता उपचाराच्या खोलीत लावायची, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून हाताला आधार बांधायचा, आणि दुखणार नाही असे खोटे सांगायचे नाही, हे आता आमच्या अंगवळणी पडले आहे.

विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असल्याने रात्रपाळीच्या मुलींना पोहोचायला उशीर होई. तेव्हा कोणी न सांगता आपण थांबत होता, याचाही उल्लेख कार्यक्रमात राहून गेला.

शेवटी एक विनंती. पुढील महिन्यात नव्या परिचारिका रुजू होत आहेत. ‘आईचे म्हणणे’ हा रकाना आता ओव्हरच्या छापील कागदावर आला आहे. परंतु छापील झाल्यापासून त्यात सर्रास ‘तक्रार नाही’ असे लिहिले जाऊ लागले आहे, आणि ते पूर्वीसारखे लाल पेनाने खोडून परत पाठवणारे कोणी राहिलेले नाही. आपण एक दिवस सकाळपाळीला येऊन त्यांचा तासभर वर्ग घ्यावा. दिवस आपल्या सोयीने कळवावा, बाकीची व्यवस्था आम्ही करू.

आपली कृतज्ञ,
बालरुग्ण विभागातील एक अधिपरिचारिका,
पुणे