‘वादग्रस्त’ म्हणजे नेमकी कोणाची चूक?

मा. संपादक,

बॉक्सिंगमधल्या लाइटवेट (१३५ पौंड, म्हणजे सुमारे ६१.२ किलो) गटातील जगज्जेतेपदाच्या लढतींच्या बातम्यांत ‘वादग्रस्त निकाल’ हे शब्द इतक्या सढळ हाताने वापरले जातात, की वाद कशावरून झाला हेच वाचकाला कळत नाही. रेफ्री रिंगमध्ये नियम पाळायला लावतो, तिघे जज बाहेर बसून गुण देतात; रेफ्रीची चूक वेगळी आणि जजांचे मत वेगळे.

१ मार्च २०२५ ची ब्रुकलिनमधली जर्वोंटा डेव्हिस–लॅमोंट रोच लढत घ्या. नवव्या फेरीत किताबधारक डेव्हिसने आपणहून गुडघा टेकला आणि आपले मदतनीस असतात त्या कोपऱ्यात जाऊन टॉवेलने चेहरा पुसून घेतला. केसांना लावलेले काहीतरी डोळ्यांत उतरले, हे त्याचे नंतरचे स्पष्टीकरण. मार चुकवायला गुडघा टेकला तरी तो नॉकडाउनच, म्हणजे खाली पडल्यातच जमा, आणि त्यावर गुण जातो. फेरी चालू असताना कोपऱ्यातून मदत घेणे तर त्याहून गंभीर. रेफ्री स्टीव्ह विलिस यांनी आकडे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. बारा फेऱ्यांतली प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला सहसा ९ गुण मिळतात. एका जजने डेव्हिसला ११५-११३ असे पुढे ठेवले, उरलेल्या दोघांकडे ११४-११४, लढत बरोबरीत. नॉकडाउन धरला असता तर डेव्हिसचा निदान एक गुण गेला असता. त्या दोघांनी ती फेरी कोणालाही दिलेली असो, दोन्ही गुणपत्रिका रोचच्या झाल्या असत्या आणि किताबही. इथे मतभेदाला जागाच नाही.

२० मे २०२३ रोजी लास वेगासला डेव्हिन हेनीने वासिल लोमाचेंकोला ११६-११२, ११५-११३, ११५-११३ असे हरवले, तो मामला निराळा. दहावी फेरी उघड उघड लोमाचेंकोची असताना ११६-११२ देणारे जज डेव्ह मोरेटी यांनी ती हेनीला दिली, म्हणून गदारोळ झाला, रास्तच होता. पण ती फेरी फिरवली तरी मोरेटींकडे हेनीच ११५-११३ ने पुढे राहतो. ११५-११३ म्हणजे सात फेऱ्या विरुद्ध पाच. एक फेरी फिरली की ११४-११४, आणि बरोबरीत पट्टे (म्हणजे किताब) आधीच्या विजेत्याकडेच, इथे हेनीकडेच, राहतात. ‘लोमाचेंकोला लुटले’ म्हणणाऱ्याने किमान दोन पत्रिकांवर प्रत्येकी दोन फेऱ्या चुकल्याचे दाखवावे. अशक्य नाही, पण दाखवावे लागते.

रेफ्रीच्या चुकीचा एक जुना सल म्हणजे २६ जून १९७२ ची मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली केन बुकॅनन–रोबेर्तो दुरान लढत. तेराव्या फेरीअखेर घंटेच्या आसपास दुरानचा ठोसा कमरेखाली बसला आणि बुकॅनन कोसळला. रेफ्री जॉनी लोबिआंको यांनी ठोसा पोटावर बसल्याचे सांगून दुरानला विजयी केले. दुरान गुणांवर बराच पुढे होता, हे खरे; पण पुढे असणे आणि कमरेखाली मारून जिंकणे एक नव्हे. बुकॅननला पुन्हा लढण्याची संधी त्याने कधीच दिली नाही.

पट्ट्यांचा घोळ तर ते देणाऱ्या चार प्रमुख संघटनाच घालतात. २०१९ मध्ये त्यांपैकी डब्ल्यूबीसीने (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) लोमाचेंकोला ‘फ्रँचायझी’ विजेता, म्हणजे एक खास दर्जाचा विजेता, केले आणि नेहमीचा किताब हेनीला बहाल केला. पुढच्या वर्षी तेओफिमो लोपेझने लोमाचेंकोला हरवले, तेव्हा लोपेझचे पट्टे चार की तीन यावर हमरीतुमरी झाली. जून २०२२ मध्ये हेनीने मेलबर्नला, लोपेझचे पट्टे जिंकलेल्या जॉर्ज कंबोसोसला हरवले तेव्हा कुठे ती मिटली.

तेव्हा बातमीत तिन्ही जजांचे आकडे, कापलेले गुण आणि कोणत्या संघटनेचा पट्टा पणाला होता, एवढे तरी छापावे. दोन ओळींत मावते.

– एक वाचक, पुणे