भत्ता आहे, पण अर्ज कोण भरून देणार?

नोकरी गेलेल्या विमाधारक कामगारांसाठी ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. करोनाच्या टाळेबंदीत, २४ मार्च २०२० पासून, तिचा भत्ता सरासरी रोजच्या वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाला असून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. मालकाकडे खेटे घालायचीही गरज उरलेली नाही, महामंडळाच्या शाखा कार्यालयात थेट दावा करता येतो. हे किती जणांना ठाऊक आहे?

आमच्या चाळीतला एक तरुण पॅकिंग खात्यातून कमी झाला. पगारातून या विम्याची वर्गणी दरमहा कापली जात होती, पण आपला विमा क्रमांक त्याला माहीत नव्हता. शेवटी ट्रंकेतल्या जुन्या पगारपावतीवर तो सापडला. मग पासबुकावर वडिलांचे नाव आणि आधारवर ते नाहीच! त्या दुरुस्तीत आठवडा गेला. घरात आईची औषधे संपत आली होती.

शाखा कार्यालयांच्या दारात मराठीत ठळक फलक लावावा आणि अर्ज भरून द्यायला एक माणूस बसवावा, ही कळकळीची विनंती. राष्ट्रीय सेवा योजनेतील मुलांनाही हे काम सहज जमेल. आम्ही चाळकरी दर रविवारी कागदपत्रे तपासायला बसतो आहोत.

– एक वाचक, लालबाग, मुंबई