आरएनए म्हणजे नुसता पोस्टमन नव्हे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी देवगडात बारावीला बायॉलॉजी शिकवते. परवा पालक मीटिंगला एका आईने विचारलं, बाई, ते आरएनए म्हणजे लशीतलं ना, ते अंगात राहतं म्हणतात. मी सांगितलं की अहो आपण इथे बहुतेकांनी कोविशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन घेतली, त्यात एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप नेणारं आरएनए, नव्हतंच, आणि आरएनए तर तुमच्या पेशींत जन्माच्या आधीपासून आहे, सारखं तयार होतं आणि सारखं मोडतं. ती मान हलवून गेली पण पटलं नसावं, आणि यात तिची चूक काय, हा शब्द तिच्यापर्यंत आलाच तो कोरोनासोबत.

राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. २०२४ चं मेडिसिनचं नोबेल व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं तेव्हा आपल्या पेपरात चार ओळी आल्या, नावं आली, पण शोध काय लागला ते नाहीच.

मुलं पाठ करतात की डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रोटीन, म्हणजे आरएनए हा पोस्टमन. मग मी विचारते, आपल्या हापूसच्या पानात, मोहोरात, फळात डीएनए तोच, मग पान गोड का लागत नाही रे? वर्ग चिडीचूप. कुठल्या पेशीत कुठला जीन, म्हणजे डीएनएचा कुठला तुकडा, चालवायचा, किती, कधी थांबवायचं, सगळा खेळ तिथे आहे. जीनवर बसणारी प्रोटीनं हे काम करतातच, पण थांबवायचं काम आरएनएसुद्धा करतं हे या दोघांच्या कामातून कळलं १९९३ ला, एक मिलिमीटरच्या एका कृमीत. त्याच्या लिन-४ जीनपासून प्रोटीन बनतच नाही, बनतं फक्त २२ अक्षरांचं आरएनए (अशा चिमुकल्या आरएनएला मायक्रोआरएनए म्हणतात), ते लिन-१४ नावाच्या दुसऱ्या जीनच्या एमआरएनएला जाऊन चिकटतं आणि प्रोटीन बनणं अडतं. लिन-४ बिघडला की कृमी बाळपणाच्याच पायऱ्या परत परत चढत बसतो! सात वर्षं लोकांना वाटलं ही त्या कृमीचीच खोड, मग २००० साली रुव्हकुन यांना दुसरं सापडलं, लेट-७, ते माशांत निघालं, माणसात निघालं.

झाडांतही हेच. मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात मायक्रोआरएनए १५६ लहानपणी भरपूर असतं आणि फुलणं अडवून धरतं, वय वाढेल तसं कमी होतं. हे आमच्याकडच्या बागायतदाराला सांगून बघा, कोयीच्या झाडाला फळ धरायला किती वर्षं आणि कलमाला किती हे ज्याला तोंडपाठ आहे तो कान टवकारणारच. आणि कोलेस्टेरॉलवालेही वाचतील, कारण इन्क्लिसिरन नावाचं इंजेक्शन आलंय, तेही छोटं आरएनएच, ते लिव्हरच्या पेशीत जाऊन कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या एका ठराविक प्रोटीनचं एमआरएनएच तोडायला लावतं, सुरुवातीचे दोन डोस झाले की पुढे सहा महिन्यांनी एकदा.

तर साहेब, आठवड्याला अर्धा कॉलम द्या, मराठीत, इथली उदाहरणं घेऊन. कोणी लिहिणारं नसेल तर मी लिहीन, मानधन नको. त्या आईचं बाजारात किराणा दुकान आहे, आपला पेपर रोज तिच्या काउंटरवर असतो.

एक शिक्षिका,
देवगड, जि. सिंधुदुर्ग